कॅलेंडरला ‘सवड’ कळत नाही

‘तुमचं कॅलेंडर जोडा’ असं लिहिलेलं एक बटण तुम्ही कधी ना कधी दाबलं असेल. झूम असेल, टीम्स असेल, नाहीतर ऑफिसने घेतलेलं व्हिडिओ मीटिंगचं आणखी कुठलं तरी सॉफ्टवेअर. बटण दाबलं की एक छोटी खिडकी उघडते, त्यात चार-पाच ओळी असतात, खाली ‘परवानगी द्या’ असतं. आपण ते दाबतो आणि विसरून जातो. त्यानंतर मीटिंग ठरवली की लिंक आपोआप तयार होते, मेल आपोआप जाते, सगळ्यांच्या कॅलेंडरात चौकोन आपोआप उमटतो आणि वेळ झाली की फोन आपोआप वाजतो.

या ‘आपोआप’च्या मागे जी माणसं बसलेली असतात, त्यांच्यातला मी एक. पुण्यात, हिंजवडीच्या एका कंपनीत, गेली चार वर्षं मी हेच काम करतो. एका बाजूला व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला ईमेल आणि कॅलेंडर, आणि मधला पूल आमच्या टीमकडे. लग्नाकार्यात कुणी कामाबद्दल विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे लिंकच टाकायची ना? त्याला इंजिनिअर कशाला लागतो?”

प्रश्न चुकीचा नाही. पूर्वी माणसं हे हातानेच करायची. एका ठिकाणी लिंक बनवायची, कॉपी करायची, मेलमध्ये चिकटवायची, कॅलेंडरात वेगळी नोंद करायची, आणि वर पुन्हा फोन करून विचारायचं, “चार म्हणजे तुमचे चार की आमचे?” मग २०२० आलं आणि सगळं जग एकदम स्क्रीनवर येऊन बसलं. झूमने तेव्हा जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे डिसेंबर २०१९मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ कोटी लोक मीटिंगमध्ये सहभागी होत होते, एप्रिल २०२०मध्ये ३० कोटी. यातली मेख अशी की हे ३० कोटी ‘सहभागी’ आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस दिवसात पाच मीटिंगांना बसला, तर तो पाच वेळा मोजला जातो. एवढ्या मीटिंगा हाताने ठरवणं शक्य नव्हतं, म्हणून पूल लागला. आणि पूल बांधताना माझ्या लक्षात यायला लागलं, की त्यावरून जाते ती काही नुसती लिंक नसते.

आधी त्या परवानगीच्या खिडकीबद्दल सांगतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत एखाद्या वेबसाइटला तुमच्या ईमेलमधलं काही हवं असलं, तर काही वेबसाइट सरळ तुमचा पासवर्ड मागायच्या. लोक तो द्यायचेही. म्हणजे गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला म्हणून शेजारच्या काकूंना अख्ख्या घराची, तिजोरीसकट, किल्ली देऊन टाकायची. हे बदलण्यासाठी ‘ओऑथ’ नावाची पद्धत आली. तिची आज सगळीकडे वापरली जाणारी दुसरी आवृत्ती २०१२मध्ये ठरली. यात पासवर्ड कुणालाच मिळत नाही. मिळते ती एक मर्यादित किल्ली, जिने फक्त गॅलरी उघडते. ही किल्ली नेमकी कुठलं दार उघडणार, हेच त्या खिडकीतल्या चार-पाच ओळींमध्ये लिहिलेलं असतं.

कॅलेंडरच्या बाबतीत ढोबळमानाने तीन किल्ल्या असतात. पहिलीने फक्त एवढंच दिसतं, की तुम्ही अमुक वेळी व्यग्र आहात की मोकळे. कशात व्यग्र, ते नाही. दुसरीने प्रत्येक नोंद वाचता येते: विषय, स्थळ, सोबत कोण, खाली काय लिहिलंय. तिसरीने नोंदी लिहिता, बदलता आणि पुसताही येतात. वाचायला तीन वाक्यं, पण दोन किल्ल्यांमधला फरक फार मोठा आहे. कॅलेंडर ही एक डायरीच असते, फक्त आगाऊ लिहिलेली. त्यात दुसऱ्या कंपनीतली मुलाखत ‘डेंटिस्ट’ या नावाने असते. समुपदेशकाची दर गुरुवारची वेळ असते. कोर्टाची तारीख असते. घरी अजून कुणाला न सांगितलेली सोनोग्राफी असते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘वेळ सुचवा’ नावाची सोय बनवायचं ठरलं. आठ जणांची मीटिंग घ्यायची असेल तर आठही कॅलेंडरं तपासून सॉफ्टवेअरनेच सगळ्यांना जमेल अशी वेळ काढून द्यायची. याला पहिली किल्ली पुरते. पण चर्चेत मुद्दा आला, की दुसरी मागूनच ठेवू. पुढे काही नवीन करायचं झालं तर लोकांना पुन्हा विचारायला नको, आणि तसंही ती खिडकी कुणी वाचत नाही. या शेवटच्या वाक्याला मी अडून बसलो. कुणी वाचत नाही, म्हणूनच तर आपण कमी मागायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं. तीन आठवडे ते चाललं. शेवटी त्या सोयीपुरती तरी पहिलीच किल्ली घ्यायची असं ठरलं. पगारपत्रकात दिसेल असं हे काम नव्हतं, पण या चार वर्षांत मी केलेल्या ज्या गोष्टी मला पुन्हा करायला आवडतील, त्यात ही वरच्या नंबरावर आहे.

*

आता निमंत्रणाकडे येऊ. मेलने येणारं मीटिंगचं निमंत्रण म्हणजे आत एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘आयसीएस’ असतं आणि ती नोटपॅडमध्ये उघडून वाचतासुद्धा येते. तिचा आराखडा ‘आयकॅलेंडर’ या नावाने १९९८ साली ठरला, २००९मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांची कॅलेंडरं एकमेकांना निमंत्रणं पाठवतात ती अजूनही याच भाषेत. एक संयोजक, काही निमंत्रित, विषय, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ. प्रत्येक नोंदीला जगात दुसऱ्या कुठल्याच नोंदीचा नसेल असा एक ओळखक्रमांक. आणि शून्यापासून सुरू होणारा एक छोटा आकडा. संयोजकाने वेळ बदलली की तो एकाने वाढतो. जुनी मेल उशिरा पोचली तरी कुठलं निमंत्रण ताजं आहे, हे कॅलेंडरला या आकड्यावरून कळतं. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

१९९८च्या त्या आराखड्यात व्हिडिओ मीटिंगच्या लिंकसाठी वेगळा रकानाच नव्हता. तो अधिकृतपणे आला २०१६मध्ये, पण तोवर सगळ्यांनी आपापली सोय करून घेतली होती. त्यामुळे लिंक कधी ‘स्थळ’ या रकान्यात असते, कधी खालच्या वर्णनात. मीटिंगच्या वेळी फोनवर जे ‘जॉइन’चं बटण येतं, ते बऱ्याचदा त्या मजकुरात ओळखीच्या लिंकसारखं काही दिसतंय का हे शोधूनच बनवलेलं असतं. शिवाय मीटिंगची खोली एका कंपनीच्या सर्व्हरवर आणि वेळेची नोंद दुसऱ्या कंपनीच्या. इथे नोंद पुसली म्हणून तिथली खोली पुसली जात नाही. म्हणून ‘काही बदललं तर आम्हाला कळव’ अशी वर्दी कॅलेंडरकडे लावून ठेवावी लागते. ती वर्दी काही दिवसांनी आपली आपण संपते, मग पुन्हा लावायची. ती लावायची राहिली, की दर सोमवारी दहा वाजता पाच माणसं वाट बघत बसतात आणि मीटिंग मात्र शुक्रवारीच रद्द झालेली असते.

त्याहून विचित्र म्हणजे बेवारस मालिका. दर आठवड्याची, शेवटची तारीख न टाकलेली मीटिंग कुणीतरी सुरू करतो आणि वर्षभराने नोकरी सोडून जातो. त्याचं खातं बंद होतं. आता ती मालिका हलवण्याचा अधिकार असलेलं कुणी उरत नाही, पण सगळ्यांच्या कॅलेंडरात ती दर बुधवारी उगवत राहते. लोक येतातही. आमच्याकडे अशी एक मीटिंग सात महिने चालली होती. ती कशासाठी आहे हे शेवटी कुणालाच सांगता येईना.

निमंत्रिताच्या उत्तरासाठी आराखड्यात मुख्यतः चार पर्याय आहेत: उत्तर बाकी, येणार, येणार नाही, कदाचित. मराठी माणसाला यात कोंबायचं म्हणजे पंचाईतच. आपल्याकडे ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘उभ्या उभ्या येऊन जाईन’, ‘नक्की धरू नका पण येईनच’ अशी उत्तरं असतात आणि यजमानाला त्या प्रत्येकाचा अर्थ बरोबर कळतो. निमंत्रणाच्या बाबतीत तर आपण आणखी काटेकोर. ‘पत्रिका कुरियरने पाठवली, घरी कुणी आलं नाही’ हा राग दोन पिढ्या टिकू शकतो. त्यामागे एक साधी समज आहे: तुमचा वेळ हवा असेल तर मी तो मागायला येईन, आणि तुम्ही हो म्हणालात तर तो मला मिळेल.

कॅलेंडरात क्रम उलटा आहे. तुम्ही हो म्हणण्याआधीच चौकोन तुमच्या दिवसात येऊन बसतो. फिकट रंगाचा असतो, पण असतो. याचा फायदा घेऊन अनोळखी लोक लॉटरीच्या आणि औषधांच्या जाहिराती थेट कॅलेंडरात टाकायला लागले, तेव्हा २०२२मध्ये गूगलला ‘ओळखीच्या माणसाचंच निमंत्रण आपोआप दाखवा’ अशी सोय द्यावी लागली. अनोळखी माणसांसाठी हा उपाय ठीक आहे. पण आपला दिवस भरतात ते बहुतेक ओळखीचेच लोक.

*

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते मात्र दुसऱ्याच एका गोष्टीने. आराखड्यात प्रत्येक नोंदीला एक गुण असतो: अपारदर्शक की पारदर्शक. अपारदर्शक नोंद वेळ अडवते. पारदर्शक नोंद, समजा कुणाचा वाढदिवस, नुसती दिसते, अडवत नाही. ‘वेळ सुचवा’ बनवताना आम्ही आठ जणांच्या अपारदर्शक नोंदी एकमेकांवर ठेवायचो आणि जो भाग कोरा राहील तो पुढे करायचो. म्हणजे नियम असा झाला: ज्या वेळेबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ती वेळ मोकळी.

मराठीत मोकळ्या वेळेला किती शब्द आहेत. ‘रिकामा’ म्हटलं की त्याला लगेच ‘टेकडा’ चिकटतो. ‘उसंत’ म्हणजे कामाच्या रेट्यात मिळालेला एखादा श्वास. ‘फुरसत’ म्हटलं की माणूस जरा पाय पसरून बसलेला दिसतो. आणि ‘सवड’. सवड मिळते, कधी नसते, पण मुख्य म्हणजे ती काढता येते. आणि काढतात ती बहुधा कुणासाठी तरी. सवड हा वेळ रिकामा नसतोच. तो कशाला तरी दिलेला असतो, फक्त कुठे लिहिलेला नसतो. आराखड्यात सवडीसाठी रकाना नाही.

हे मला ऑफिसमध्ये कमी आणि घरी जास्त कळलं. माझी आई दिवसभर घरी असते. तिच्या फोनमधलं कॅलेंडर उघडलं तर महिनाच्या महिना पांढरा. आमच्या सॉफ्टवेअरला विचारलं तर ते सांगेल की ही बाई चोवीस तास मोकळी आहे. खरं तर यात सॉफ्टवेअरने नवीन असं काही शोधलेलं नाही. नातेवाईकही हेच म्हणतात, “तू काय, घरीच असतेस.” प्रत्यक्षात आईचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि त्यातला बराचसा भाग माझ्या आजीभोवती फिरतो.

आजी ८४ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला डिमेन्शियाचं निदान झालं. दिवसा ती ठीक असते. गोष्टी सांगते, पुन्हा तीच गोष्ट सांगते. दिवेलागणीला मात्र तिच्या जिवाची उलघाल सुरू होते. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात संध्याकाळी असं होणं नेहमीचंच आहे, त्याला नावही आहे, ‘सनडाउनिंग’. सात वाजले की ती बटवा हातात घेऊन दाराशी उभी राहते. “बाळा, चल घरी. अंधार पडला. आई वाट बघत असेल.” तिला जायचं असतं ते वाईतल्या, आता पाडून टाकलेल्या घरात. ‘आजी, हेच आपलं घर’ असं सांगून उपयोग नसतो, उलट ती घाबरते. खूप दिवसांनी आम्हाला एक उपाय सापडला. तिला घेऊन खाली उतरायचं, सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारायच्या, बाकावर बसायचं आणि म्हणायचं, “चला, आता घरी.” लिफ्टने वर आलं, दार उघडलं, की तिला घर मिळालेलं असतं. मग ती शांतपणे जेवते.

सात ते सव्वाआठ, हे काम माझं. तेवढा वेळ आई टीव्ही लावते, नाहीतर नुसती आडवी पडते.

*

आमची अमेरिकेतल्या टीमबरोबर रोज मीटिंग असते. ते न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतात. तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात संध्याकाळचे ७:३० वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात ६:३०. त्यामुळे दोन्हीकडची कॅलेंडरं एकमेकांवर ठेवली की कोरा भाग निघतो तो आपली संध्याकाळ. ‘सगळ्यांना सोयीची वेळ’ सॉफ्टवेअर इतक्या निर्विकारपणे सुचवतं, की ती कुणाच्या बाजूने सोयीची आहे हा प्रश्नच मनात येत नाही.

ती मीटिंग डिसेंबरात सुरू झाली. त्यांचे सकाळी १०, आपले रात्री ८:३०. आजीचं जेवण उरकून मी लॅपटॉप उघडायचो. उत्तम चाललं होतं. मग मार्चचा दुसरा रविवार आला आणि सोमवारपासून मीटिंग ७:३०ला आली.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. भारतात असं काही नाही. आता कॅलेंडरात काय होतं ते बघा. एखादीच मीटिंग असेल तर तिची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहून भागतं. पण रोजची मालिका अशी लिहिली तर घड्याळ बदलल्यावर ती संयोजकाच्याच दिनक्रमातून सरकेल. म्हणून मालिकेत स्थानिक वेळ आणि तिच्याशेजारी एका ठिकाणाचं नाव लिहितात. आमच्या मालिकेत लिहिलं होतं: सकाळचे १०, ‘अमेरिका/न्यूयॉर्क’. म्हणजे ज्याने मालिका बनवली त्याचं घड्याळ स्थिर, बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरायचं.

मघाशी तो छोटा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. या सगळ्यात तो वाढत नाही. कारण आराखड्याच्या दृष्टीने काही बदललेलंच नसतं. सकाळचे १० होते, सकाळचे १०च आहेत. त्यामुळे ‘वेळ बदलली आहे, चालेल का?’ अशी मेलही येत नाही. तुमची संध्याकाळ एक तासाने सरकते आणि ती कुणीही सरकवलेली नसते. तक्रार करायची तर कुणाकडे?

ही ठिकाणांची यादी कुठून येते, हे मी त्या काळात खोदून वाचलं. जगभरच्या घड्याळांची ही नोंदवही १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली आणि आजही ती मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. तुमच्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जवळपास सगळं तिच्यावर चालतं. त्यात भारतासाठी एकच नोंद आहे, ‘एशिया/कोलकाता’. काही प्रोग्रॅममध्ये अजूनही जुनं ‘कलकत्ता’ दिसतं. ‘एशिया/मुंबई’ मात्र नाही.

खरं तर मुंबईला एके काळी स्वतःची वेळ होती. ब्रिटिश सरकारने १ जानेवारी १९०६पासून देशभर एक प्रमाणवेळ आणली, तेव्हा मुंबईने ती निमूटपणे घेतली नाही. मुंबईची वेळ तिच्याहून ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ ३९ मिनिटांनी पुढे करायचं म्हणजे सूर्य तिथेच ठेवून गिरणीचा भोंगा ३९ मिनिटं लवकर वाजवायचा. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली, आणि ‘बॉम्बे टाइम’ पुढे १९५५पर्यंत टिकून राहिला. नोंदवहीत त्याला जागा नाही, कारण १९७०नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली अशाच ठिकाणांना स्वतंत्र नोंद द्यायची, असा तिचा नियम आहे. तो नियम व्यावहारिक आहे, मीही तोच केला असता. पण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कामगारांना जे पटकन कळलं होतं ते मला मार्चमधल्या त्या सोमवारी कळलं: घड्याळ कुणाचं धरायचं, हा हिशेबाचा प्रश्न नसतो.

पहिले दोन आठवडे आईने आजीला खाली नेलं. आईचे गुडघे दुखतात आणि आजी लिफ्टमध्ये तिचा हात घट्ट धरून ओढते. मी वर कानात हेडफोन घालून बसायचो आणि दाराशी चाललेलं ऐकू यायचं. मग मी कॅलेंडरात सात ते सव्वाआठ अशी रोजची अपारदर्शक नोंद टाकली. विषय काय लिहायचा यावर अडलो. ‘आजी’ लिहिलं तर ते आठ लोकांना दिसणार. शेवटी ‘फेरी’ लिहिलं आणि नोंद खाजगी करून टाकली. बाहेरून फक्त ‘व्यग्र’.

नोंद टाकली म्हणून आधीची मालिका हलत नाही, तेव्हा तिकडच्या मॅनेजरला मी सविस्तर मेल लिहिली. त्याचं उत्तर वाचून मला आश्चर्य वाटलं. भारतात घड्याळ बदलत नाही, हेच त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं भारतातल्या लोकांबरोबर काम करून कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, कारण दर मार्चमध्ये आपण सगळे निमूटपणे तासभर सरकत होतो. त्याने लिहिलं, मालिका तूच बनव. मी जुनी रद्द करायला सांगितली आणि पुण्यातून नवीन बनवली: रात्रीचे ८:३०, ‘एशिया/कोलकाता’. तिकडे उन्हाळ्यात ११, हिवाळ्यात १०. दुसऱ्या दिवसापासून आजीच्या फेऱ्या पुन्हा माझ्याकडे आल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. नोव्हेंबरात तिकडच्या एका सहकाऱ्याची मेल आली. मीटिंग एक तास अलीकडे कशी आली, कुणी हलवली का? त्या तासाला तो वडिलांना डायलिसिसवर सोडायला जायचा. म्हणजे मी माझं घड्याळ स्थिर केलं आणि हादरा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका घरात बसला. त्याच्याही कॅलेंडरात त्या वेळेला काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही दोघं त्या दिवशी मीटिंगनंतर वीस मिनिटं बोललो, वर्षभरात पहिल्यांदाच कामाशिवाय. त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, सुरुवातीची वीस मिनिटं नसला तरी चालेल, असं ठरलं. आता तो गाडीतून येतो, कॅमेरा बंद.

घड्याळाचा तो एक तास नाहीसा करता येत नाही, कुणाला तरी तो सोसावा लागतो. फरक एवढाच की तो कुणी सोसायचा हे आता आम्ही विचारून ठरवतो. सॉफ्टवेअर तसं विचारत नाही, कारण त्याच्याकडे तशी किल्लीही नाही आणि ती असू नये असंच मला वाटतं. माझ्या आजीची संध्याकाळ आणि त्याच्या वडिलांची सकाळ कुठल्याही सर्व्हरला वाचता येऊ नये. ती माणसांनी एकमेकांना सांगावी.

अलीकडे मी घरच्यांसाठी एक सामायिक कॅलेंडर बनवलं. आजीचे डॉक्टर, औषधं, गॅसचा नंबर, माझ्या मीटिंगा, बाबांच्या बँकेच्या फेऱ्या. आईला त्यात स्वतःच्या नोंदी टाकायला शिकवलं. भजनी मंडळाची वेळ तिने पटकन टाकली. मग फोन हातात धरून जरा वेळ बसून राहिली.

“आणि जेव्हा मला काहीच करायचं नसेल, तेव्हाचं काय लिहू?”

मी सांगितलं, काहीही लिही, फक्त खाली ‘व्यग्र’ निवड, म्हणजे तिथे दुसरं कुणी काही टाकणार नाही. तिने चष्मा लावला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. बुधवार, दुपारी ४ ते ६: ‘काही नाही’. मग मला विचारून घेतलं आणि ती दर आठवड्याची केली, शेवटची तारीख न टाकता.